तेरा पानं आणि एक ग्लास बर्फाचं पाणी

शेवटच्या पानावर शिफारशी होत्या. मुख्य शिफारस अशी: उड्डाणाच्या वेळी ओ-रिंगचं, म्हणजे रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्याचं, तापमान ५३ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त हवं. त्याच पानावर, तिच्याच खाली, आणखी नोंदी होत्या. चाचणीसाठी जमिनीवर पेटवलेल्या रॉकेट-मोटरींमध्ये ४७ ते ५२ अंशांवरही गॅस निसटला नव्हता. आणि आधीच्या एका उड्डाणातल्या मोटरीने ५३ अंशांवर 'काम केलं' होतं.

ज्याला विषयाची काहीच माहिती नाही त्याने हे पान वाचलं तर तो काय म्हणेल? सगळं ठीकच दिसतंय, मग अडवता कशाला?

हे पान २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी युटामधल्या मॉर्टन थायोकॉल या नासासाठी बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीतून फॅक्सने निघालं. ते अलाबामामधल्या नासाच्या मार्शल केंद्रात आणि फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रात पोचायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर यान उडालं आणि ७३ व्या सेकंदाला त्याचे तुकडे झाले. आतले सातही जण गेले. उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून जळता गॅस बाहेर पडला होता. म्हणजे नेमकं तेच घडलं, ज्याची भीती ती तेरा पानं पाठवणाऱ्या इंजिनिअरांना होती.

प्रेझेंटेशन शिकवताना हे प्रकरण मी नेहमी घेतो. सहसा याच्याकडे तंत्रज्ञानाचा किंवा नैतिकतेचा धडा म्हणून पाहिलं जातं. मला त्यात एक फसलेला पिच, म्हणजे समोरच्याला गोष्ट पटवून विकण्याचा फसलेला प्रयत्न दिसतो. विकणारी कंपनी, समोर तिचा सगळ्यात मोठा ग्राहक, आणि विकायचं होतं एकच वाक्य: 'उद्या उडवू नका.' माहिती खरी होती, माणसं जाणकार होती, तळमळ तर इतकी की त्यांच्यापैकी एकाने सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ ला, वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की दुर्लक्ष झालं तर जीवितहानी होईल. तरी वाक्य विकलं गेलं नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. बूस्टर म्हणजे घन इंधनाचं अजस्र नळकांडं, व्यास सुमारे ३.७ मीटर, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेलं. प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी, एकामागे एक; याच त्या ओ-रिंग. जाडी किती, तर जेमतेम ७ मिलिमीटर. इंधन पेटलं की आतल्या दाबाने सांधा किंचित उघडतो, आणि त्या क्षणी रबराने फुगून ती फट बुजवायची असते. मिनिटाभरात नाही, सेकंदाच्याही अंशात. रबर गार पडलं की ते सुस्तावतं. झालं, एवढीच भानगड. शाळेतल्या मुलाला दोन मिनिटांत कळेल अशी.

आता तेरा पानांकडे येऊ.

ती काही तासांत बनवली होती. काही पानं हाताने लिहिलेली. बैठक ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा, फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे रात्री पावणेनऊच्या सुमारास सुरू झाली. तीन ठिकाणी मिळून तीसहून अधिक माणसं फोनला चिकटलेली. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, ज्याच्या-त्याच्या समोर फॅक्सचे कागद. हा तपशील बारीक वाटेल, पण फोनवर ऐकणाऱ्याला दुसरा आधारच नसतो. कागदावर जे नाही ते त्याच्यासाठी नाही.

कागदांवर काय होतं? सांध्याची चित्रं, नुकसानीचे तक्ते, थंडीचे परिणाम एका ओळीत एक असे. तोच बूस्टर एका पानावर मोटरीच्या क्रमांकाने यायचा, दुसरीकडे उड्डाणाच्या क्रमांकाने. ५१-सी आणि एसआरएम-१५ ही एकाच उड्डाणाची नावं आहेत हे युटात सगळ्यांना पाठ होतं. कथेत एकच पात्र तीन नावांनी येऊ लागलं की ऐकणारा गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस शंका काढतो, हे कुठल्याही आजीला विचारा.

यापेक्षा मोठी अडचण त्या ५३ अंशांची होती. (इथून पुढे सेल्सियसमध्ये बोलू, म्हणजे सुमारे १२.) हा आकडा कुठून आला? २४ जानेवारी १९८५ ला झालेलं उड्डाण तोवरचं सगळ्यात थंड, रबराचं तापमान सुमारे १२ अंश. परत आणलेला बूस्टर उघडला तेव्हा दोन कड्यांमधलं ग्रीस काळंकुट्ट झालेलं दिसलं. पहिलं कडं वेळेवर बसलं नव्हतं आणि गरम गॅस त्याला ओलांडून आत शिरला होता. आता चॅलेंजरच्या सकाळी तेच तापमान शून्याखाली, उणे २ च्या आसपास जाणार होतं. मग इंजिनिअरांनी म्हटलं: निदान १२ च्या खाली जाऊ नका, त्याखालचा आपल्याला अनुभव नाही.

तर्क प्रामाणिक आहे. पण सांगण्याच्या दृष्टीने तो जागीच कोसळतो. १२ अंशांवर काय झालं, तर ग्रीस काळं झालं, घात होता होता राहिला. मग मर्यादा म्हणून तोच आकडा कसा? ज्या उड्डाणाने तुम्हाला घाबरवलं त्यालाच तुम्ही सुरक्षित रेषा म्हणता? ऐकणाऱ्याला एकतर भीती खोटी वाटते, नाहीतर रेषा खोटी. शिफारस कथेतून उगवायला हवी होती, ती शेवटी बाहेरून आणून चिकटवल्यासारखी आली. मला भेटणाऱ्या पिचपैकी निम्मे तरी याच जागी मोडतात: वीस मिनिटं एक गोष्ट, आणि शेवटची मागणी भलत्याच गोष्टीची.

पलीकडे बसलेल्यांना फट लगेच सापडली. ३० ऑक्टोबर १९८५ च्या उड्डाणात तापमान २४ अंश होतं, आणि तेव्हाही थोडा गॅस निसटला होता. मग थंडीचा संबंध काय? गरमीतही तेच, थंडीतही तेच! यावर नासाच्या एका अधिकाऱ्याचा तो प्रसिद्ध उद्गार: थायोकॉलवाल्यांनो, उडवायचं तरी कधी म्हणता, पुढच्या एप्रिलमध्ये? दुसऱ्या एकाने सांगितलं की शिफारस ऐकून आपण थक्क झालो आहोत. खरेदीदार असं बोलला की विकणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण अख्ख्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. २४ अंशांचं उड्डाण हे इंजिनिअरांच्या विरोधातलं उदाहरण नव्हतंच. ते त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं. दोन्ही बूस्टरचे फोटो होते. २४ अंशांवरची काजळी राखाडी, कमी भागात पसरलेली. १२ अंशांवरची कोळशासारखी काळी, मोठ्या कमानीत. एकच सांधा, एकच प्रकारचं रबर, आणि थंडी वाढली तसं नुकसान कसं वाढलं ते नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. हे दोन फोटो शेजारी-शेजारी पहिल्या पानावर असते आणि त्यांच्याखाली 'उद्या उणे २' एवढंच लिहिलेलं असतं तर? मला नाही वाटत त्यानंतर कुणी एप्रिलचा विनोद केला असता. पण तो मुद्दा आधी विरोधकाने मांडला आणि मग इंजिनिअर सावरून घेऊ लागले. स्वतःच्या हातातला पुरावा त्यांच्यासाठी सफाई देण्याची वस्तू बनला.

ज्याने हे फोटो जवळून पाहिले होते त्या रॉजर बॉयस्जोली यांना फोनवरून विचारलं गेलं: तुमची चिंता आकड्यांत मांडा. त्यांनी नंतर चौकशी आयोगाला सांगितलं की आकडा देता येत नव्हता, पण आपण चांगल्यापासून दूर चाललो आहोत एवढं नक्की म्हणालो. ही साक्ष वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. कारण एक आकडा होता, आणि कसला आकडा! १९८५ मध्ये कंपनीने रबराच्या लवचीकतेची चाचणी घेतली होती. रबर दाबायचं, सोडायचं, परत पृष्ठभागाला टेकायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ३८ अंशांवर त्याचा पृष्ठभागाशी स्पर्श सुटलाच नाही. २४ अंशांवर २.४ सेकंद लागले. १० अंशांवर? दहा मिनिटं वाट पाहिली, ते टेकलं नाही, मग चाचणी थांबवली.

परत वाचा. फट बुजवायला सेकंदाचा अंश मिळतो. १० अंशांवर दहा मिनिटं पुरली नाहीत. उद्या उणे २.

ही तीन वाक्यं म्हणजे आख्खा पिच आहे. लवचीकतेचा मुद्दा त्या रात्री आला नाही असं नाही, आला, पण बाकी मुद्द्यांच्या रांगेत, त्यांच्याच उंचीचा होऊन. कोळशासारखं ग्रीस आणि थंडीत ग्रीस घट्ट होतं ही सामान्य नोंद यांना एकाच मापाची ओळ मिळाली की ऐकणाऱ्याने निवड कशी करायची?

एक बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. पुढे चौकशी करणाऱ्या या आयोगाने, म्हणजे रॉजर्स आयोगाने, सगळी उड्डाणं एकत्र मांडली. १९ अंश आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिघांत रबराला इजा झाली होती. १७ अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत झाली होती. चारपैकी चार! आलेखशास्त्राचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर यावर बोट ठेवलं: इंजिनिअरांनी फक्त इजा झालेली उड्डाणं पाहिली, बिनबोभाट गेलेली सोडून दिली, म्हणून थंडीचा संबंध झाकला गेला. मुद्दा खराच आहे. 'काहीच घडलं नाही' हीसुद्धा गोष्टीतली एक घटना असते. मात्र इंजिनिअरांच्या बाजूने मांडलं गेलेलं उत्तरही ऐकावं: त्या संध्याकाळी प्रत्येक उड्डाणाचं तापमान त्यांच्या हाताशी नव्हतंच. निवांत वेळ असलेल्या माणसाने काढलेला सुंदर आलेख आणि चार तासांत घाईने लिहिलेलं पान यांची तुलना करताना मी टफ्टी यांच्याइतका कठोर होत नाही.

आणि नुसती मांडणी सुधारली असती तर सात जीव वाचले असते, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या खोलीत दुसरं एक वजन होतं. नेहमी कंपनीला सिद्ध करावं लागे की उड्डाण सुरक्षित आहे. त्या रात्री पारडं फिरलं आणि ते असुरक्षित आहे हे निर्विवाद सिद्ध करा, असा सूर लागला. बॉयस्जोली यांनी आयोगापुढे नेमकी हीच तक्रार केली. पिच करणाऱ्याने ही गोष्ट ओळखायला हवी होती आणि मोठ्याने म्हणायला हवी होती. 'आम्ही धोका सिद्ध करू शकत नाही. तुम्ही सुरक्षितता सिद्ध करू शकता का?' एवढा एक प्रश्न फोनवर पडला असता तर गप्प कुणी व्हायचं ते बदललं असतं. पण ग्राहकाला उलट प्रश्न विचारायचा, हे पटकन जमत नाही.

थायोकॉलने पाच मिनिटं मागून घेतली. फोन म्यूट झाला आणि ती पाच मिनिटं अर्ध्या तासावर गेली. या अर्ध्या तासातली दोन चित्रं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इंजिनिअर आर्नी थॉम्प्सन आपल्या जागेवरून उठून टेबलाच्या टोकाला मॅनेजरांसमोर गेले आणि कागदावर सांध्याचं चित्र काढून पुन्हा समजावू लागले. समोरचे चेहरे थिजलेले पाहून थांबले. मग बॉयस्जोली यांनी ते फोटो टेबलावर टाकले आणि जवळजवळ ओरडून सांगितलं की हे बघा. तेही थांबले.

म्हणजे योग्य गोष्ट सांगितली गेली. चित्र काढून, फोटो दाखवून, माणसाच्या तोंडावर. फक्त ती दोन तास उशिरा सांगितली गेली आणि ज्यांनी पाहायला हवं ते फोनच्या पलीकडे होते, जिथे त्या वेळी आवाजही जात नव्हता. त्यानंतर एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. टोपी बदलली. नवीन फॅक्स गेला, त्यात लिहिलं होतं की तापमानाच्या माहितीवरून गॅस निसटण्याचा ठाम अंदाज बांधता येत नाही. फ्लोरिडात असलेले कंपनीचे अॅलन मॅकडोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला, म्हणून युटातून दुसऱ्याने केली.

हे प्रकरण शिकवताना मी एक काम देतो: पहिला दीड मिनिट पुन्हा लिहा. माहिती तीच, नवीन काहीही आणायचं नाही. बहुतेक जण तापमानाच्या तक्त्याने सुरुवात करतात, सवय मोडत नाही. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि अंतराळवीरांच्या कुटुंबांवर येतात. तेही मला पटत नाही. समोर बसलेल्यांना माणसं मरू नयेत हे ठाऊक आहेच. त्यांना जे दिसत नाहीये ते म्हणजे रबर. माझा मसुदा साधारण असा आहे:

'मागच्या जानेवारीत १२ अंशांवर उडवलेल्या बूस्टरचा हा फोटो पान एकवर आहे. कृपया सगळ्यांनी समोर घ्या. काळं दिसतंय ते दोन कड्यांमधलं ग्रीस. गॅस पहिलं कडं ओलांडून गेला, दुसऱ्याने अडवलं. शेजारचा फोटो ऑक्टोबरचा, २४ अंशांचा. तिथेही गॅस गेला, पण रंग पाहा. असं का, ते आम्ही मोजलंय. २४ अंशांवर दाबलेलं रबर जागेवर यायला अडीच सेकंद घेतं. १० अंशांवर दहा मिनिटांत आलं नाही. उद्या सकाळी ते उणे २ वर असेल आणि त्याला एका सेकंदापेक्षा कमी वेळ मिळेल. ते सांधा बंद करेल असं दाखवणारी एकही चाचणी आमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का? नसेल तर ऊन वर येईपर्यंत थांबू, नाहीतर दिवस बदलू.'

यात ५३ नाही. ऑक्टोबरचं उड्डाण आम्हीच आधी काढलंय, म्हणजे कुणाला ते खिशातून काढायला उरत नाही. आणि 'पान एकवर आहे, समोर घ्या' हे मुद्दाम लिहिलंय. फोनवरच्या तीस माणसांची नजर एका जागी आणायची तर ती मागावी लागते. फॅक्सवर फोटो धड उमटला असता का, हा आक्षेप वर्गात हमखास येतो, आणि तो बरोबर आहे. तर मग 'काळं' आणि 'राखाडी' हे दोन शब्द तोंडाने सांगा. फॅक्स बिघडला म्हणून शब्द बिघडत नाहीत.

या प्रकरणाला दुसरा अंक आहे, तो लहान आहे.

दोन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १९८६ ला, आयोगाची जाहीर सुनावणी कॅमेऱ्यांसमोर चालू होती. सदस्यांत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. सकाळीच त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पक्कड, पेचकस आणि एक छोटा शिकंजा घेतला होता आणि प्रयोग आधी एकदा करूनही पाहिला होता. (हा आधी करून पाहण्याचा भाग लोक विसरतात. उत्स्फूर्त वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी तालीम केलेली असते.) सांध्याचा एक नमुना सदस्यांत फिरत होता. तो हातात येताच त्यांनी त्यातून रबराचा तुकडा काढला, शिकंजात आवळला आणि समोरच्या ग्लासातल्या बर्फाच्या पाण्यात टाकला. पाणीही सहज मिळालं नव्हतं. ते मागावं लागलं, आणि यायला बराच वेळ लागला.

मग ते बोलायला निघाले तेव्हा शेजारी बसलेले आयोगाचे सदस्य जनरल कुटिना यांनी त्यांना थांबवलं: आत्ता नको. साक्षीदाराची माहितीपुस्तिका उघडून एक पान दाखवलं, हे आलं की बोला. मला फाइनमन यांच्या प्रयोगाइतकंच हे थांबणं आवडतं. पाच मिनिटं आधी तीच गोष्ट विक्षिप्त माणसाचा खेळ ठरली असती. ते पान आलं, साक्षीदार रबराबद्दलच बोलत होता, तेव्हा त्यांनी शिकंजा सोडला आणि म्हटलं की रबर परत फुगत नाही, शून्य अंशांवर निदान काही सेकंद तरी त्यात लवचीकता उरत नाही, आणि आपल्या प्रश्नाशी याचा काही संबंध असावा असं मला वाटतं.

बस, एवढंच. कारण, परिणाम, आणि शेवट ऐकणाऱ्यावर सोडलेला. माहिती म्हणून यात युटातल्या इंजिनिअरांना ठाऊक नसलेलं काहीही नव्हतं. उलट त्यांची चाचणी कितीतरी काटेकोर होती. फरक एवढाच की दहा मिनिटांत न टेकलेलं रबर तक्त्यात राहिलं, आणि काही सेकंद न फुगलेलं रबर लोकांनी पाहिलं.

फाइनमन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की मधल्या सुट्टीत ते बरेच खट्टू झाले होते. पत्रकार जवळ आले आणि विचारू लागले: तुम्ही ओ-रिंगबद्दल बोलत होता की सांध्यातल्या पुट्टीबद्दल? ओ-रिंग म्हणजे नक्की काय? त्यांना वाटलं, आपला मुद्दा पोचलाच नाही. त्या रात्रीच्या बातम्यांमध्ये सगळ्या वाहिन्यांवर तो ग्लास होता.